फौजेतून कॅमेऱ्याकडे: एका अग्निवीराच्या प्रश्नाला उत्तर

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका अग्निवीराचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी 4 वर्षं काही महिन्यांत संपतायत. पुढे कायम होणाऱ्या 25 टक्क्यांत नाव लागेलच असं नाही. शिक्षण बारावी. सुट्टीवर आलो की गावच्या मंडळाचे बॅनर मीच करतो, मोबाइलवरचे फोटोही लोकांना आवडतात. फोटोग्राफी आणि डिझाइनमध्येच काम करायचं मनात आहे. घरचे म्हणतात, बँकेत गार्ड लाग, नाहीतर पोलीस भरती दे. फौजेतल्या दिवसांचा या कामात काही उपयोग होतो का, की माझ्या वयाच्या पोरांपेक्षा 4 वर्षं मागे पडलो असं समजायचं?"

मी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सेनेच्या इंजिनिअर दलात, 17 वर्षं होतो. ट्रेड पेंटर अँड डेकोरेटर, घरी आलो तो हवालदार म्हणून. त्यानंतरची 14 वर्षं कोल्हापुरात कारखान्यांची फोटोग्राफी आणि बोर्ड, सूचनाफलक, कॅटलॉग यांचं डिझाइन यावरच माझं घर चालतं. तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करतो.

तू मागे पडलेला नाहीस. पण तू कशात पुढे आहेस हे तुला कुणी सांगितलं नसणार. लोक म्हणतील, "फौजी आहे, शिस्त असेल, वेळेवर येईल." ते खरंच आहे आणि त्याचे पैसेही मिळतात. पण शिस्त चांगल्या आचाऱ्याकडेही असते, चांगल्या एसटी ड्रायव्हरकडेही असते. फौजेनं तुला दिलेली मोठी गोष्ट वेगळी आहे. तुझा डोळा तयार झालाय.

ट्रेनिंग सेंटरमध्ये फील्डक्राफ्टचा, म्हणजे मैदानात लपण्या-बघण्याच्या विद्येचा, पहिला धडा आठव. "चीजें क्यों नजर आती हैं." उस्तादानं तुझ्याकडून पाठ करून घेतलं असेल: आकार, साया, सिल्हूट, सतह, फासला, चमक आणि हरकत. माणूस झाडीत बसलाय तरी दिसतो, का? हेल्मेटचा गोल आकार निसर्गात तसा कुठे सापडत नाही म्हणून. सावली लांब पडली म्हणून. टेकडीच्या माथ्यावर उभा राहिला आणि मागे आभाळ आलं म्हणून. कापडाचा पोत पानांच्या पोतापेक्षा वेगळा म्हणून. 4 जण सारख्या अंतरावर बसले म्हणून. घड्याळाची काच चमकली म्हणून. आणि हलला म्हणून.

हा धडा तू लपण्यासाठी शिकलास. आता तोच उलटा वाच. फोटोतला माणूस नजरेत भरत नाही, का? त्याच्या मागे आभाळाऐवजी पत्र्यांची आणि वायरींची गर्दी आली, सिल्हूट गेलं. शर्ट आणि भिंत एकाच पोताची, सतह मिळून गेली. बॅनरवर 18 फोटो सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावर, त्यामुळे नजर कुठेच थांबत नाही. आर्ट स्कूलमध्ये पहिल्या वर्षी हेच आकार, पोत, अंतर, छायाप्रकाश या नावांनी शिकवतात. मुलं त्याच्या शीट करतात, मार्क मिळवतात. तू तो विषय गवतात पोटावर पडून शिकलास. चुकलं की दिसायचास आणि दिसलास की शिक्षा व्हायची. असं शिकलेलं हाडात उतरतं.

अंतराच्या अंदाजाचा धडाही तसाच. ऊन पाठीमागून असेल, मध्ये पाणी किंवा खोल दरी असेल तर वस्तू आहे त्यापेक्षा जवळ वाटते. उजेड मंद असेल, वस्तू आजूबाजूच्या गोष्टींपेक्षा लहान असेल तर लांब वाटते. फायरिंगसाठी तू ही चूक सुधारायला शिकलास. मी कारखान्याची शेड आहे त्यापेक्षा खोल दाखवायची असली की हीच चूक मुद्दाम घडवतो. जमीन बघतानाही नजदीक, दरम्यान, दूर असे 3 भाग पाडायची सवय तुला लागलेली आहे. कॅमेरा डोळ्याला लावलास की तेच 3 भाग कर आणि प्रत्येक भागात काय आहे ते मनात बोल. नवख्या पोरांच्या फोटोत बहुतेक वेळा मधला भाग रिकामा असतो आणि त्यांना ते कळतही नाही.

आता स्टँड टू, म्हणजे हत्यारासह सावध उभं राहणं. पहाटेच्या आधी अर्धा तास आणि संध्याकाळी अंधार पडेपर्यंत, रोज. तुला तो कंटाळ्याचा वाटला असेल, मलाही वाटायचा. पोस्टवर थंडीत उभं राहून समोरच्या उताराकडे बघत राहायचं. आधी नुसता काळा ठोकळा. मग त्याची वरची कड आभाळापासून सुटते. मग ठोकळ्यात 2 रंगांचे काळे दिसायला लागतात, एक झाडांचा, एक दगडांचा. मग दगडांना बाजू येतात. रंग सगळ्यात शेवटी, आणि त्यातही हिरवा आधी कळतो, लाल बराच वेळ काळाच राहतो. शहरातला फोटोग्राफर या उजेडासाठी वर्षातून 10 वेळा लवकर उठतो आणि त्याला ब्लू अवर म्हणतो. तू 4 वर्षं रोज 2 वेळा तो उजेड उलगडताना पाहिलायस, तेही जीव डोळ्यांत आणून. आज माझ्याकडे कुणी फॅक्टरीचा बाहेरून फोटो मागितला तर सूर्य उगवायच्या किती मिनिटं आधी पत्र्याची कड सुटेल हे मी मीटर न बघता सांगतो. ते मला कुठल्या कोर्सनं दिलेलं नाही.

लपणं आणि दाखवणं यांचं नातं मोठ्या कलाकारांच्या आयुष्यातही दिसतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात एक पथक होतं, 23 वं हेडक्वार्टर्स स्पेशल ट्रूप्स, ज्याला पुढे घोस्ट आर्मी नाव पडलं. सुमारे 1,100 माणसं. काम एकच: हवा भरलेले रबरी रणगाडे, मोठ्या कर्ण्यांवर वाजवलेले ट्रकांचे आवाज आणि खोटे वायरलेस संदेश यांनी जर्मनांना वाटायला लावायचं की इथं मोठी फौज आहे. 1944 आणि 1945 मध्ये युरोपात त्यांनी अशा 20 पेक्षा जास्त कारवाया केल्या. त्यातल्या 603 व्या कॅमफ्लाज इंजिनिअर्समध्ये आर्ट स्कूलची पोरं भरलेली होती. त्यांच्यात बिल ब्लास होता, जो पुढे मोठा फॅशन डिझायनर झाला. एल्सवर्थ केली होता, जो सपाट रंगांच्या आकारांचा चित्रकार म्हणून जगाला माहीत झाला. आणि आर्ट केन होता. त्यानं 1958 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका घराच्या पायऱ्यांवर 57 जॅझ कलाकारांना एकत्र उभं करून काढलेला फोटो आजही छापला जातो. वरून, लांबून, शत्रूच्या डोळ्याला काय दिसेल याचाच विचार करत ज्यांनी कोवळी वर्षं काढली, त्यांच्या पुढच्या कामात हे उतरलं नसेल असं मला वाटत नाही.

तुझ्या अंगावरची वर्दी बघ. 15 जानेवारी 2022 च्या सेना दिनाला जी नवी कॉम्बॅट वर्दी पहिल्यांदा दिसली, तिचं डिझाइन राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या चमूनं केलंय. 15 नमुन्यांतून तो एक निवडला गेला. तुझ्या बाहीवर डिझाइनचा एक पूर्ण प्रकल्प आहे: छोटे चौकोनी ठिपके का, रंग ते तेवढेच का, वाळवंटात आणि बर्फाच्या कडेला एकच कापड कसं चालेल. सुट्टीच्या दिवशी ते कापड 2 फुटांवरून, 20 फुटांवरून आणि 200 फुटांवरून बघ आणि काय बदलतं ते वहीत लिही. फोटो काढू नकोस, लिही. तो नमुना सेनेच्या नावे नोंदवलेला आहे, तेव्हा तो तुझ्या टी-शर्टांवर किंवा लोगोत वापरायचा विचारही करू नकोस.

डिझाइनबद्दल मला जे काही येतं त्याचं मूळ सँड मॉडेलमध्ये, म्हणजे कारवाईच्या जमिनीच्या मातीत केलेल्या नमुन्यात आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

माझं युनिट एका सरावावर होतं आणि ब्रीफिंगसाठी सँड मॉडेल करायचं काम आम्हा तिघांकडे आलं. चाळलेली माती, रंगवलेला लाकडाचा भुसा, चुना, लोकर, सुतळी. मी नुकताच नाईक झालो होतो आणि हात दाखवायची हौस होती. भुशात हिरव्या रंगाच्या 4 छटा केल्या. काड्यांची झाडं लावली. गावातल्या घरांना कागदाची छपरं केली, एका घराला दारही. रात्रभर बसून केलं आणि सकाळी ते खरोखर सुंदर दिसत होतं. सुभेदार साहेब आले, कौतुक काही केलं नाही. मागच्या रांगेतल्या एका जवानाला बोलावलं आणि विचारलं, "नाला कुठे ओलांडायचा?" तो बघत राहिला. झाडांमध्ये निळी लोकर त्याला सापडेना. साहेबांनी दुसऱ्याला विचारलं, त्यालाही सापडेना. मग ते मला म्हणाले, "हे 2 रात्री न झोपलेल्या माणसाला टॉर्चच्या उजेडात कळलं पाहिजे. काढ."

मी काढायला लागलो. झाडं गेली, छपरं गेली, 4 हिरव्यांचा एक हिरवा झाला. निळी लोकर दुपटीनं जाड झाली. उत्तरेचा बाण आणि ग्रिडची दोरी तेवढी राहिली. आपलं सगळं निळं, दुश्मनाचं सगळं लाल, तिसरा ठळक रंग नाही. पाऊण तासात मॉडेल निम्मं रिकामं झालं. पुन्हा मागच्या रांगेतला जवान बोलावला. त्यानं काठी थेट नाल्यावर ठेवली.

आज मी कारखान्याच्या गेटवरचा सुरक्षा फलक करतो तेव्हा समोर तो जवान असतो. फक्त तो आता रात्रपाळी संपवून निघालेला हेल्पर असतो, बिहारचा किंवा ओडिशाचा, ज्याला मराठी वाचता येतंच असं नाही. सुरुंगक्षेत्राच्या तारेवर लाल त्रिकोण लटकतो, तो कुठल्या भाषेत असतो? पुलाच्या तोंडाशी पिवळी तबकडी आणि तिच्यावर काळा आकडा, की ट्रक ड्रायव्हरला गाडी घालायची की नाही हे ब्रेकवर पाय असतानाच कळतं. मी असल्या तबकड्या हातानं रंगवल्यात. कडेला रंग ओघळला आणि 8 चा 3 वाटला तर काय होईल हे डोक्यात ठेवून अक्षर लिहिलं की अक्षराकडे बघण्याची दृष्टीच बदलते.

अक्षरांवरून आठवलं. फौजेत तू हिंदी बोर्ड बघत आलास. मराठीचं काम करशील तेव्हा ल आणि श यांच्याकडे लक्ष दे. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळा असतो, श ही तसाच. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण आपोआप येतं आणि मराठी रूप वेगळं निवडावं लागतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला कारण सांगता येत नाही, पण परकं अक्षर खटकतं. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट आहेत आणि चांगले आहेत, सुरुवातीला तेवढे 2 पुरे. मंडळाच्या बॅनरवर 6 फॉन्ट वापरायची सवय आजपासून सोड.

ऑर्डर देण्याची रीतही फार कामाची आहे. आधी जमीन आणि परिस्थिती, मग मकसद, मग काम कसं करायचं, मग रसद, शेवटी कमान, म्हणजे हुकूम कोणाचा, आणि सिग्नल. मकसद एका वाक्यात आणि 2 वेळा सांगायचा. ग्राहक माझ्याकडे येतो तेव्हा म्हणतो, "कॅटलॉग करायचाय, भारी पाहिजे." मी वही उघडतो आणि याच क्रमानं विचारतो. कॅटलॉग कोण बघणार, कुठे बघणार? तो बघून त्यानं काय करायला हवं? तारीख काय, छपाई कोणाकडे, खर्च किती? मंजुरी देणारा माणूस एक की पाच? हे शेवटचं, कमानीचं, लोक विचारायला विसरतात आणि मग 3 भागीदार 3 दिशांना ओढतात. माझी कामं रखडली ती बहुतेक या एका प्रश्नाचं उत्तर आधी न घेतल्यानं.

कॅमेऱ्याचं एक उदाहरण देतो. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचं काम होतं. मालकांना ओतकामाचा फोटो हवा होता, वितळलेलं लोखंड साच्यात पडतानाचा. ते साधारण 1,350 ते 1,400 अंशांवर असतं. ठिणग्या उडतात आणि हवा तो क्षण 5-6 सेकंदांचा असतो. आदल्या दिवशी मी कॅमेरा न घेता गेलो. ही रेकी. लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं भांडं, घेऊन क्रेन कुठून कुठे जाते ते पाहिलं. छपराचा एक पत्रा पारदर्शक होता, त्यातून 4 वाजता उन्हाचा पट्टा कुठे पडतो ते खडूनं जमिनीवर मार्क केलं. मला मागे सरकावं लागलं तर वाट कुठून, ते पाहिलं. ओतणाऱ्या दोघांची नावं विचारली, त्यांच्याबरोबर चहा घेतला. दुसऱ्या दिवशी खडूच्या खुणेवर उभा राहिलो आणि 3 ओतकामं नुसती बघितली. चौथ्याला फोटो घेतला. मागे अंधार, पुढे धातूची चमक, मध्ये माणसाचं सिल्हूट आणि गॉगलच्या काचेत उलटं पडलेलं केशरी प्रतिबिंब. बाकी काही नाही. तो फोटो अजून त्यांच्या ऑफिसात आहे. त्यातलं कॅमेऱ्याचं ज्ञान कुठल्याही पोराला महिन्यात शिकवता येईल. खडूची खूण आणि मागे सरकायची वाट मात्र फौजेतून आलेली आहे.

आता जे आड येतं तेही सांगायला हवं.

माझं पहिलं लग्नाचं काम मी बिघडवलं. घरच्या लोकांना मी सेंटरच्या ग्रुप फोटोसारखं उंचीनं लावलं, हनुवटी वर, हात सरळ, आवाजही परेड ग्राउंडवरचा. फोटो तांत्रिक दृष्टीनं चोख होते, पण एकही माणूस त्यात हसत नव्हता आणि नवरीच्या आजी कोपऱ्यात घाबरून उभ्या होत्या. ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण ते लग्न पुन्हा होणार नव्हतं. त्यानंतर वर्षभर मी लोकांचे फोटो घेतले नाहीत. नुसता बसून बघायचो, माणसं एकमेकांजवळ कशी सरकतात, हात कुठे ठेवतात. फौजेत माणसाकडे बघताना प्रश्न असतो: हा काय करणार? पोर्ट्रेटमध्ये प्रश्न आहे: याला काय वाटतंय? दुसरा प्रश्न विचारायला वेळ लागतो. तो वेळ स्वतःला दे.

दुसरी अडचण हुकमाची वाट बघण्याची. इथं तुला कुणी सकाळी 5 ला उठवणार नाही आणि आज काय करायचं हेही सांगणार नाही. तिसरी, एकच बरोबर उत्तर असतं ही समजूत. डिझाइनमध्ये 3 बरोबर उत्तरं असतात आणि ग्राहक चौथं निवडतो. त्याला अपमान समजू नकोस. चौथी अडचण पैसे मागण्याची. महिन्याच्या महिन्याला पगार घेतलेल्या माणसाची स्वतःच्या कामाची किंमत सांगताना जीभ अडखळते. माझी 3 वर्षं अडखळली. एका कंपनीनं 2 महिन्यांच्या कामाचे पैसे शेवटपर्यंत दिले नाहीत, कारण माझ्याकडे कागद नव्हता, फक्त शब्द होता. आता निम्मे पैसे आधी आल्याशिवाय मी कॅमेरा बॅगेतून काढत नाही.

कागदावरून कायद्याच्या 2 गोष्टी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कुणी पैसे देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, तू नाहीस. बहुतेक फोटोग्राफरना हे माहीतच नसतं. तेव्हा हक्क कोणाचा आणि तुला तो फोटो तुझ्या पोर्टफोलिओत दाखवता येईल का, हे एका ओळीत लिहून सही घे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नोकरीतले कोणतेही फोटो, पोस्ट, सामान, गाड्या, युनिटची खूण, साथीदारांचे चेहरे, यातलं काहीही तुझ्या कामाच्या नमुन्यांत येता कामा नये. 1923 चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट वर्दी उतरवल्यावरही लागू राहतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तिथं अजून आपली पोरं उभी आहेत.

पैशांचं बोलू, कारण तुझ्यात आणि माझ्यात इथं मोठा फरक आहे. मी 17 वर्षांनी पेन्शन घेऊन आलो. पहिल्या 2 वर्षांत काम नव्हतं तेव्हा चूल पेन्शननं पेटली. तुला पेन्शन नाही. सेवानिधीचे सुमारे 11 लाख 71 हजार रुपये मिळतील, एकदाच. ते हातात आल्याबरोबर दुकानदार तुला 4 लाखांचा कॅमेरा दाखवतील आणि तुझ्या मनात पण तो बसेल. घेऊ नकोस. वापरलेली पण नीट सर्व्हिस केलेली बॉडी, एक 35 आणि एक 85 एमएमची लेन्स, एक फ्लॅश, 2 मेमरी कार्ड, 2 हार्ड डिस्क आणि एक बरा संगणक, हे सगळं मिळून दीड-दोन लाखांच्या आत बसव. 2 वर्षांचा घरखर्च वेगळ्या खात्यात मुदत ठेवीत टाक आणि त्याला हात लावू नकोस. घरच्यांना तो आकडा दाखव. त्यांना तुझं कलेवरचं प्रेम पटवून देण्यापेक्षा 24 महिन्यांचा हिशोब दाखवलेला जास्त पटेल. त्यांची काळजी रास्त आहे. 2 वर्षांत जमलं नाही तर गार्डची किंवा भरतीची वाट वयाच्या हिशोबात किती उघडी राहते तेही आधी तपासून ठेव.

शिक्षणासाठी घाई नको, पण सोडूही नकोस. इग्नूनं अग्निवीरांसाठी पदवीची खास सोय केली आहे, त्यात तुझ्या सेवेतल्या प्रशिक्षणाचे गुण धरले जातात. नाव घातलं नसशील तर युनिटमधल्या एज्युकेशन जेसीओंना, म्हणजे शिक्षणाचं काम बघणाऱ्या सुभेदार साहेबांना, आजच भेट. डिझाइनसाठी आयआयटी मुंबईच्या आयडीसीचं डी'सोर्स हे मोफत साहित्य उत्तम आहे. ड्रोनची हौस असेल तर लक्षात ठेव, 2021 च्या नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला तर पैशांसाठी उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, आणि आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर झोन, म्हणजे तिथं उडवायला परवानगी आहे का ते, बघावा लागतो. आपल्या भागात फौजी पोरांना हे काम पटकन जमतं, कारण नकाशा, वारा आणि बॅटरीचा हिशोब त्यांना नवा नसतो.

कॅमेऱ्याची निगा तुला शिकवायची गरज नाही. रायफलला पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) आणि चिंदी जशी रोज, तशी लेन्सला ब्रश आणि कापड रोज. काम झालं की फोटो 2 डिस्कवर उतरल्याशिवाय जेवायचं नाही. माझ्या 14 वर्षांत ग्राहकाचा एकही फोटो हरवलेला नाही आणि मला ग्राहक टिकले ते बरेचसे त्यामुळेच.

आता सरावाचं. एडवर्ड स्टाइकेन नावाचा अमेरिकन फोटोग्राफर पहिल्या महायुद्धाआधी धूसर, चित्रासारखे फोटो काढायचा आणि चित्रंही काढायचा. 1917 मध्ये तो सैन्यात गेला आणि फ्रान्समध्ये विमानातून टेहळणीचे फोटो घेणाऱ्या विभागाचं काम त्याच्याकडे आलं. थरथरणाऱ्या विमानातून हजारो फूट खालचा खंदक स्वच्छ दिसला पाहिजे, धूसर चालणार नाही. युद्ध संपल्यावर त्यानं चित्रकला सोडली आणि फोटोग्राफीची मुळाक्षरं पुन्हा गिरवली. एक पांढरी कपबशी घेतली आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पार्श्वभूमीवर तिचे हजारावर फोटो काढले, उजेडाची एकेक पायरी समजेपर्यंत. त्यानंतर 1923 मध्ये तो फॅशनच्या मोठ्या मासिकांचा प्रमुख फोटोग्राफर झाला. तेव्हा तो जगप्रसिद्ध होता आणि चाळिशी ओलांडलेली होती, तरी कपबशीपासून सुरुवात करायला त्याला कमीपणा वाटला नाही.

तू घरी आल्यावर पहिले 3 महिने हेच कर. कपबशी नको असेल तर तांब्या घे, आईच्या स्वयंपाकघरातला. एकच खिडकी, एकच तांब्या, रोज 10 फोटो, आणि प्रत्येकाखाली वहीत 2 ओळी: काय नजर आलं, क्यों नजर आलं. पितळेची चमक सांभाळायला जमली की कारखान्यातला कोणताही धातू जमतो. डिझाइनसाठी गावातला एक वाईट बोर्ड निवड, दवाखान्याचा, ग्रामपंचायतीचा किंवा एसटी थांब्याचा, आणि तो रिकामा करत जा, मागच्या रांगेतल्या माणसाला कळेपर्यंत. झाला की खरंच रंगवून लाव, परवानगी घेऊन. पोर्टफोलिओत 40 बॅनर टाकण्यापेक्षा असे 3 बोर्ड आणि त्यांच्या आधीचे-नंतरचे फोटो टाक. मी माणूस ठेवताना तेच बघतो.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण विचारावीशी वाटली असेल. घरी आल्यावर काही महिने झोप लागत नाही, फटाक्यांनी अंग दचकतं, गर्दीत पाठ भिंतीला लावून उभं राहावंसं वाटतं. सगळ्यांना होतं असं नाही, मला झालं. कॅमेऱ्यानं मला गर्दीत उभं राहायचं एक कारण दिलं. पण कॅमेरा हे औषध नाही. त्रास वाढला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कोणत्या डॉक्टरांकडे जायचं ते विचार. लपवून ठेवू नकोस.

चैत्र यात्रेला मी दर वर्षी जोतिबाच्या डोंगरावर काम करतो. सासनकाठ्या, गुलाल, लाखांची गर्दी. तिथं चांगली जागा मिळवायला आदल्या दिवशी रेकी करावी लागते आणि गुलालापासून कॅमेरा वाचवायला तो आधीच प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवावा लागतो. त्याआधी तुझी सुट्टी झाली तर कळव. आदल्या दिवशी दुपारी 3 वाजता ये, कॅमेरा आणू नकोस, वही आण. कुठल्या पायरीवर उभं राहायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.